फंडवाले

कुठलाही छापील कागद हातात आला की ते आधी तो उलटा करीत. पुढची बाजू बघायचीच नाही. चष्मा कपाळावर सारायचा, कागद नाकाजवळ न्यायचा आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचायची. "फुडचं त्यांनी आपल्याला दावायला छापलंय," ते म्हणत. "मागचं छापावं लागलं म्हनून छापलंय. ते वाच."

लग्नाची पत्रिकासुद्धा उलटी करून बघत. मी हसलो की म्हणत, "हस लेका. पत्रिका फुकट कोन छापतो?"

साजगावच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात आमची टेबलं एकमेकांना लागून होती. मी कर्जतहून सकाळच्या खोपोली गाडीने निघे, ते पुढच्या स्टेशनवर, पळसदरीला चढत. हजेरी मी बघायचो आणि प्रॉव्हिडंट फंड ते. म्हणून सगळा कारखाना त्यांना फंडवाले म्हणे. खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं.

आमच्याकडे माणूस रिटायर झाला की ऑफिसात शाल-नारळ होई, आणि फाटकाबाहेर एजंट लोक हार घेऊन उभे असत. जन्मात कधी न भेटलेली ही माणसं म्हाताऱ्याच्या पाया पडत. कुणाकडे चिटफंड, कुणाकडे दामदुप्पट. फंडवाले त्या दिवशी अर्धी रजा टाकत. म्हाताऱ्याचं कोपर धरून त्याला त्या हारांतून बाहेर काढत आणि थेट एसटीत नेऊन बसवत. एकदा एका एजंटाने चिडून विचारलं, "तुम्हाला यात काय मिळतं?" फंडवाले म्हणाले, "तेच मी तुला इचारतोय."

त्यांचा सल्ला सगळ्यांना एकच होता. थोडे पैसे पोस्टात टाका. थोड्याची सरकारी युनिटं घ्या, म्हणजे एकाच पैशात पुष्कळ कंपन्यांचा लहान लहान तुकडा येतो. एक बुडाली तरी बाकीच्या तगतात. मध्ये माणूस ठेवू नका. आणि मग विसरून जा. कुणी म्हणालं, एजंट घेऊन घेऊन घेणार तरी किती, दोन-चार टक्के, की ते कणगीवर येत. "उंदीर रोज मूठभरच खातो रं. पर कणगीचा तळ उन्हाळ्यात दिसतो."

मला हे सगळं तेव्हा फार कंजूष वाटे. आज त्यांच्या सांगण्यावर चाललेली सात-आठ घरं मला ठाऊक आहेत, आणि त्यांतलं एकही उघड्यावर पडलेलं नाही.

त्यांचं स्वतःचं माणूस म्हणजे एक मुलगी. बायको लवकर गेली, पोर त्यांनीच वाढवली, खालापूरला दिली. दुसऱ्या वर्षी जावयाची नोकरी सुटली आणि त्याचा राग पोरीवर निघू लागला. एक दिवस त्याने तिला बापाच्या दारात आणून सोडलं. आठ महिने ती पळसदरीला होती. त्या आठ महिन्यांत फंडवाले गाडीत एक शब्द बोलत नसत. मग जावई आला, तिला घेऊन गेला. आता तो पनवेलच्या एका ठेवी घेणाऱ्या कंपनीचा एजंट झाला होता. इस्त्रीचे कपडे, काखेत बॅग.

फंडवाले आणि बॉयलरवरचे मामा एकाच महिन्यात रिटायर झाले. फंडाचे चेक घ्यायला दोघं एकाच दिवशी ऑफिसात आले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. बाहेर एजंट लोकांच्या रांगेत, त्यांच्यासारखाच हार घेऊन, जावई उभा होता.

आम्ही चौघं समोरच्या टपरीवर बसलो. जावयाने चहा सांगितला आणि दोन फॉर्म काढले. व्याज दर महिन्याला घरपोच, तेही पोस्टाच्या दुप्पट. फंडवाल्यांनी फॉर्म घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सारला. ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामांना अक्षरओळख नव्हती. तीस वर्षं आगीसमोर उभं राहून मिळालेला चेक त्यांनी टोपीत घडी करून ठेवला होता. "काय करू सायेब?" ते म्हणाले. "तुमी म्हनाल तसं."

फंडवाल्यांनी फॉर्म सरळ केला आणि त्यावर सही केली.

"जावई हायेत आमचे," ते म्हणाले. एवढंच.

"मंग काय इचारायचं!" मामा हसले आणि अंगठा पुढे केला.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, मागे काय लिहिलं होतं.

"ठेवीची हमी कुनाची नाय, असं. आनि एजंटाला किती जातं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"आमच्या बापानं दीक्षा घेतली तवा घरातलं देव सोडलं," ते म्हणाले. "उपास सोडलं, बोकड सोडलं. जावयाचा मान तेवढा सोडायचा राह्यला. त्याला लोकांसमोर खोटा पाडला असता, तर पोर पुन्ना माझ्या दारात आली असती रं. आनि ह्या खेपेला न्यायला कुनी आलं नसतं."

"आणि मामा?"

पळसदरी आली. ते उतरून गेले.

हे लिहिताना मला माझीही लाज वाटते. मामांच्या हातात चेक होता, तो वटायला चार दिवस तरी लागणार होते. साजगाव मला रोजचं. एकदा त्यांच्या दारात जाऊन सांगता आलं असतं. पण दुसऱ्याच्या जावयाबद्दल आपण कशाला बोला, असं मी स्वतःला सांगितलं आणि हजेरीपट भरत बसलो.

काही महिने व्याज आलं. मग पनवेलच्या कचेरीला कुलूप लागलं. जावई चोर नव्हता, हेही सांगायला हवं. त्याचे स्वतःचेही पैसे गेले, आणि लोक दारात येऊन शिव्या देऊ लागले तेव्हा तो महिनाभर घराबाहेर पडला नाही. फंडवाल्यांनी त्याच्याकडून एकच वचन घेतलं. आपले पैसे त्यात होते हे पोरीला कळता कामा नये.

मामा पळसदरीला जाऊन आल्याचं कळलं, म्हणून मी घाबरत घाबरत त्या रविवारी फंडवाल्यांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. शेजारी केळ्यांची फणी होती.

"मला समजवायला आला व्हता," ते म्हणाले. "म्हनला, तुमचं पन गेलं ना. तुमाला म्हाईत असतं तर तुमी सांगितलं असतंत." मग म्हणाले, "शिव्या घालाया आला असता तर बरं झालं असतं. केळी घेऊन आला."

मी ती केळी खाल्ली नाहीत. त्यांनीही खाल्ली नाहीत.

पुढे ते पळसदरीच्या धरणाजवळच्या एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर राखणीला लागले. झाडांना पाणी घालायचं, मालक शनिवारी आला की फाटक उघडायचं. मुलीला वाटे, बाबांना रिकामं बसवत नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते साजगावला मामांकडे जात आणि अर्धा पगार त्यांच्या हातात ठेवत. कंपनी थोडं थोडं परत देतेय, असं सांगत. मामा हिशेब विचारत नसत. हे मला त्यांनीच गाडीत सांगितलं, दुसरीकडे बघत. असं सहा वर्षं चाललं.

ते बंगल्याच्या बागेतच गेले. माळ्याला दुपारी सापडले, पाण्याचा पाइप चालूच होता.

तिसऱ्या दिवशी मी पळसदरीला पोचलो तेव्हा मामा ओट्यावर बसलेले होते. चौकटीत मुलगी उभी होती, रडून डोळे सुजलेले. जावई सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. मग मामा खाकरले.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही येळ नाय इचारायची. पर माझी म्हातारी आजारी हाय. ते कंपनीचं पैसं सायेब आनून द्यायचे. आता कुनाकडून घ्यायचं?"

जावयाने मान वर केली. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर त्याला सगळं दिसलं असावं. चौकटीकडे त्याने पाहिलं नाही.

"कंपनी बंद झाली, मामा," तो म्हणाला.

"कधी?"

"परवा."

मामांनी मान हलवली आणि ते पायऱ्यांवर चपला शोधू लागले.