घट्ट वेणी

माझ्या धाकट्या बहिणीच्या पायाला भिंगरी आहे. चहासुद्धा उभ्यानं पिते. सकाळी लेकीची वेणी घालायला टेकते, तेवढीच काय ती बसते. मग जी पळते, ती दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या पार्लरमध्ये, आणि येते दिवे लागल्यावर. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या केसांत हात. बाई केस असे बांधते की नाचा, पळा, झोपून उठा, एक बट हलायची नाही. आणि त्याचा तिला केवढा तोरा! मी तिच्याकडेच राहते, स्वयंपाकपाणी बघते आणि वर तिची बोलणी खाते.

लेकीला आम्ही ठमी म्हणतो. यंदा शाळा सुरू झाली आणि ठमीचं डोकं दुखायला लागलं. रोज दुपारी दप्तर भिरकावून पोरगी कपाळ धरून आडवी. झालं! बहिणीनं घर डोक्यावर घेतलं. आधी मोबाइल बंद. मग उपाशी शाळेत जायचं नाही, पाण्याची बाटली संपवूनच आणायची, रात्री लवकर झोपायचं. डॉक्टरांनी डोळे तपासून घ्यायला सांगितले, तेही ठणठणीत निघाले. हे सगळं चांगलंच हो, कोण नाही म्हणतंय? पण दुखणं काही थांबेना. आणि रविवारी केस मोकळे सोडून हीच कार्टी घरभर हुंदडायची.

"शाळेचा कंटाळा, दुसरं काय! नाटकं आहेत नुसती," मी म्हटलं.

बहीण केवढ्यानं खेकसली माझ्यावर! "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. विसरलीस?"

विसरेन कशी? बाबांचं डोकं दुखतं म्हणून आम्ही बाम चोळत बसलो, आणि आत गाठ आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिनं ते नाव काढलं आणि माझाही जीव टांगणीला लागला. डॉक्टर म्हणत होते, मला तसं वाटत नाही. पण बहिणीनं हट्टानं ठमीच्या डोक्याचा फोटो काढायची वेळ ठरवून घेतली. सोमवारची. तोवर तिला धड जेवण जाईना की माझ्याशी धड बोलवेना.

त्याच आठवड्यात एका नवरीला सजवायला ती पहाटेच बाहेर पडली आणि ठमीची वेणी माझ्या गळ्यात आली. माझी वेणी म्हणजे काय, घातली काय न घातली काय! दुपारी पोरगी परतली ती झिंज्या उडवत, उड्या मारत. "मावशी, भूक लागली!" डोक्याचं नावसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीनं वेणी घातली, आणि दुपारी पोरगी पुन्हा आडवी.

तिसऱ्या दिवशी मी चहा टाकायचा सोडून बघत उभी राहिले. बहीण पाटावर, ठमी तिच्या पुढ्यात. पेड ओढताना पोरीच्या भुवया पार वर गेलेल्या, पण तोंडाची टकळी चालूच. बाईंनी हे म्हटलं, मैत्रिणीनं ते केलं. बहीण हसत होती.

"अगं, पोरीच्या भुवया कुठं गेल्यात बघ! सोड आधी ती वेणी."

"मला शिकवतेस? माझं पोट आहे यावर!"

"गिऱ्हाइकाचे केस बांध गं घट्ट. हिला रोज कशाला आवळतेस?"

रागारागानं तिनं रबर ओढून काढलं. केसांच्या मुळाशी कानशिलं लाल झाली होती. तिनं तिथं बोट टेकवलं आणि पोरगी शहारली.

"ठमे, इथं दुखतं?"

"हं."

"रोज?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस, मेले? इथं माझा जीव चाललाय!"

ठमीनं मान वर केली नाही. "तू म्हणाली असतीस, मावशीकडून घालून घे. मग तू बसलीच नसतीस माझ्याजवळ."

बहिणीचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. त्या हातांना स्वस्थ मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून सैल वेणी, आणि दुखणं गेलं. सोमवारची वेळ डॉक्टरांनीच रद्द केली. सैल वेणी दोन मिनिटांत होते. झाली की बहीण ती सोडते आणि पुन्हा घालायला घेते. शाळेला उशीर होतोय म्हणून मी स्वयंपाकघरातून ओरडते, पण दोघींपैकी एकीला ऐकू येत असेल तर शपथ.