ओव्हाळ मास्तरांचा नापासांचा वर्ग

साहेबराव ओव्हाळ पिंपरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. पहिली शिफ्ट सुटली की घरी चहा घ्यायचे, शर्ट बदलायचे आणि वस्तीतल्या विहारात गणित-इंग्रजीत गेलेल्या पोरांना ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी शिकवायचे. फुकट. स्वतः मॅट्रिकला दोनदा आपटलेले, त्यामुळे नापासाला नेमकी कुठे ठेच लागते ते त्यांना ठाऊक होतं.

एकच खोड होती. वस्तीत पंचशील सगळेच म्हणायचे, मास्तर ते पाळायचेही. कुणाचं मन राखायलासुद्धा त्यांच्या तोंडून खोटं निघत नसे. एखाद्या आईनं कौतुकानं विचारलं, "पोरगं कसं हाय आमचं?" तर मास्तर सांगायचे, "ढ आहे. पण येतं रोज." त्यांची बायको चतुराबाई म्हणायची, "शिकवा खुशाल, पर आयांशी बोलू नगा."

चौऱ्याहत्तर साली वर्गात तानुबाईचा खंडू होता. कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला, अंगानं दणकट, गणितात गार. थेरगावच्या जयसिंगची मुलगी यशोधरा त्याला सांगून आली होती. जयसिंग फाउंड्रीत भट्टीवर होता. जावई मॅट्रिक होणार, हे तानुबाईनं त्याला छातीठोक सांगितलं होतं. एका संध्याकाळी तो खात्री करायलाच विहारात आला. मागोमाग तानुबाईही आली.

"मास्तर, पोरगा पास व्हईल न्हवं?" जयसिंगनं विचारलं.

मास्तरांनी खंडूकडे पाहिलं, मग छताकडे. "इंग्रजीत होईल. गणितात मला वाटत नाही."

तानुबाईला जोरात खोकला आला. जयसिंग मात्र रागावला नाही. थोडा ओशाळून म्हणाला, "आमची यशोधराबी गणितातच गेलीय."

"मग पाठवा की तिलाही."

"लग्नाआधी रोज तोंड बघायचं?" तानुबाई कडाडली. "ही कुठली रीत?"

पण जयसिंगला मास्तरांवर भरवसा बसला होता. जो पोराच्या आईसमोर असं बोलतो, तो आपल्याला कशाला फसवेल? दुसऱ्या दिवसापासून तो लेकीला सायकलवर घेऊन येऊ लागला. वर्ग सुटेपर्यंत मागच्या भिंतीला टेकून घोरायचा. तानुबाई दारात बसून पहारा करायची.

खंडू आता डोक्याला तेल लावून, भांग पाडून येऊ लागला. गणित होतं तेही गेलं. मास्तर फळ्यावर भूमिती काढायचे आणि न वळता म्हणायचे, "खंडू, त्रिकोण इकडे आहे." अख्खा वर्ग हसायचा. यशोधरा मात्र मान खाली घालून गणित सोडवत असायची. एकदा हौदाला दोन नळांचं गणित चाललं असताना दारातून आवाज आला, "एका हौदाला दोन नळ? कुठल्या वस्तीत म्हणायचं हे?" त्या दिवशी पुढे काही शिकवून झालं नाही.

निकाल लागला. यशोधरा पास. खंडू इंग्रजीत पास, गणितात नापास.

जयसिंग लेकीला घेऊन मास्तरांच्या घरी पेढे द्यायला आला, पण सोयरिकीचा विषय काढेना. तानुबाईला ते कळलं आणि तिनंही मास्तरांचं दार गाठलं. "मास्तर, तुमी तिला जास्ती शिकवलं!"

"दोघांना सारखंच शिकवलं, मावशी. ती ऐकत होती, हा बघत होता."

"आता मॅट्रिक पोरगी नापास पोराला कशी द्यायची?" जयसिंग पुटपुटला. मास्तर म्हणाले, "तिलाच विचारा की."

यशोधरा तिथेच उभी होती. "पोरगा चांगला हाय," ती म्हणाली. "पर लग्न पास झाल्यावर. आन् गणित मी शिकवीन. सर लई सरळ बोलत्यात, ते त्याला लागतं, मग बाकीचं ऐकूच येत न्हाई."

मास्तरांना हे लागलं. पण सकाळी त्यांनी यशोधरेला निरोप धाडला: गणिताचा तास तुझा.

तिनं खंडूला पुढच्या ओळीत बसवलं. चुकला की ओरडायची नाही. "बरोबर आहे, फक्त शेवटची पायरी बघ," म्हणायची. मास्तर हे ऐकून कोपऱ्यात कळवळायचे, कारण पहिली पायरीही चुकलेली असायची. मार्चला खंडू पुन्हा गेला. मग भांग पाडायचा सोडून रोज पहाटे कँटीनला जायच्या आधी पाढे घोकू लागला. ऑक्टोबरला काठावर पास झाला. तानुबाईनं वस्तीभर साखर वाटली.

लग्न विहारातच लागलं. मास्तरांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "खंडू गणितात अजून कच्चाच आहे..." एवढ्यात तानुबाईनं माइक काढून घेतला आणि जेवणाच्या पंगती बसल्याचं जाहीर केलं.

बोभाटा मात्र झालाच. पुढच्या हंगामात काळेवाडीपासून रावेतपर्यंतच्या आया लेकी घेऊन येऊ लागल्या आणि कुठला मुलगा गणितात गेलाय, त्याचा पगार किती, असं विचारू लागल्या. शेवटी मास्तरांनी दारावर पाटी लावली: "येथे फक्त गणित व इंग्रजी."