बोटाखालचा बुध

सूर्य साऱ्या जगाचा आहे हे माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, कधी पटलंच नाही. त्यांच्या मते तो मुलुंडला आमच्या गच्चीवर उगवायचा आणि बाकीच्या जगाला उरलासुरला उजेड मिळायचा. बोरीवलीला ते मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, काही विचारलं नाही. "तुमच्याकडे सकाळचं ऊन कुठून येतं?" एवढाच प्रश्न. "माझ्या अंथरुणावर येतं, मग मी उठते," घाबरून मी खरं ते सांगून टाकलं. आईने कपाळाला हात लावला. मामंजी मात्र मुलाकडे वळून म्हणाले, "झकास! होकार देऊन टाक."

कारखान्यात नकाशे काढण्याची नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस डोक्यावर ओला पंचा टाकून दिवसचे दिवस गच्चीवर असे. हातभर लांबीची दुर्बीण, पण तिला डोळा लावायची सगळ्यांना सक्त मनाई. "आंधळे व्हाल," म्हणत. दुर्बिणीमागे बिस्किटांचं रिकामं खोकं, खोक्यात पांढरा कागद. त्या कागदावर बशीएवढा सूर्य उतरायचा आणि मामंजी जुन्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्यायचे. सूर्य मेला सारखा कागदावरून घसरायचा. "अरे, थांब ना जरा! लहान आहेस का?" हे वरून ऐकू आलं की मी समजे, फोटो चाललाय. जेवताना बातमी मिळे, "आज गालावर नवा डाग आलाय त्याच्या." आभाळ आलं की घरात सुतक. एकदा स्टुडिओवाला ओशाळून म्हणाला, "काका, रोलची वाट लागली. सगळीकडे नुसता पांढरा गोळाच आलाय." मामंजींनी आनंदाने त्याला तिथल्या तिथे पेढे आणून दिले.

सासूबाई सूर्याला "तुमचा तो" म्हणत. "तुमच्या त्याला सांगा, माझे पापड वाळू दे आधी." गच्चीच्या उन्हावरून दोघांची दर उन्हाळ्यात भांडणं होत, आणि खोक्याची सावली पापडांवर पडली की सासूबाई सरळ खोकं उचलून बाजूला ठेवत.

सत्तर सालच्या मे महिन्यात बुध सूर्यासमोरून जाणार होता. मामंजींनी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. पण मला तेव्हा सातवा महिना होता, आणि आधीचं बाळ सातव्यातच गेलं होतं. सूर्यावर काहीतरी येणार एवढं कळल्यावर सासूबाईंनी सकाळीच मला आतल्या खोलीत बसवलं, खिडक्या लावल्या आणि विळीसुद्धा उचलून माळ्यावर टाकली. एरवी ग्रहणावरून भटजींशी तावातावाने भांडणारे मामंजी त्या दिवशी आवाज चढवेनात.

"तू आधी वर चल. स्वतः बघ," ते सासूबाईंना म्हणाले. "तुला भीती वाटली तर मीही खाली येतो. दार लावून तिघं बसू."

"आणि तुमचा बुध?"

"दिसेल पुन्हा कधीतरी. आपण असलो तर."

सासूबाई वर गेल्या. मला राहवेना, मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

"कुठाय?"

"हा काय."

"हा? मुंगी असेल हो." आणि त्यांनी कागदावर चक्क फुंकर मारली. खसखशीएवढा ठिपका हलला नाही.

"एवढंसं पोर," सासूबाईंचा आवाज आला, "एवढ्या आगीसमोरून एकटंच चाललंय? भाजत असेल हो."

"भाजत असेल. पण जाईल पलीकडे."

"नक्की?"

"नक्की."

थोड्या वेळाने हाक आली, "सूनबाई, वर ये गं. सावकाश ये."

मी गेले. सासूबाईंनी एका हाताने माझ्या पोटावर आपला पदर धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट कागदावर टेकवलं. "हे बघ, इथे. दिसलं?" पश्चिमेकडून ढग चढत होते, रोलमध्ये शेवटचाच फोटो उरला होता. मामंजी "अगं, बोट! बोट काढ!" म्हणून ओरडत होते. सासूबाई मला दाखवण्यात इतक्या दंग की त्यांना ऐकूच आलं नाही. ढग पोचायच्या आत खटका दाबला गेला.

फोटो धुऊन आला. पांढराशुभ्र सूर्य आणि त्यावर हळदीने माखलेलं जाडजूड बोट. "बुध?" मी विचारलं. मामंजींनी फोटो उजेडात धरला, तिरपा केला. "बोटाखाली आहे," म्हणाले, आणि तो फोटो त्यांनी भिंतीवर लावला. पावसाळ्यात मला मुलगी झाली.

मामंजी जाऊन आता किती वर्षं झाली. सासूबाईंना दिसेनासं झालंय. परवा घराला रंग काढताना मी तो फोटो उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. काय आहे ते सांगितलं. त्या काचेवरून बोटं फिरवत राहिल्या.

"यात ते कुठे आहेत गं?"

"ते फोटो काढत होते ना, आई."

"हो. समोरच होते. बोट काढ, बोट काढ म्हणून ओरडत होते." त्या हसल्या. "ऐकू येत होतं गं मला सगळं."