आधी सीडी, मग वायर

बायको नादिया वारली आणि ओरेस्ट हावरिलुकच्या घरात जेवणाची रेलचेल झाली. कॅनडातल्या आमच्या गावाची रीतच तशी. घरात माणूस गेलं की बायका झाकलेली भांडी घेऊन दारात उभ्या, आणि दार वाजवण्याची पद्धत नाहीच. ओरेस्ट सगळं खायचा. बटाटा आहे की कोबी, हे त्याला बघूनच कळे. जिभेनं कळवणं सोडून दिलं होतं.

रडला मात्र नाही. दफनाला पाद्रीबाबांचा आवाज कापरा झाला, कॅल्गरीहून आलेली लेक लारिसा कोसळली, शेजारची स्टेफा तर सख्ख्या बहिणीसारखी रडली. ओरेस्ट बर्फात रुतलेल्या गाड्या कशा काढायच्या ते लोकांना सांगत उभा होता. आतून कुणीतरी त्याला भूल दिली होती आणि उतरवायला विसरलं होतं.

त्याच महिन्यात जुना कॉम्प्युटर व्हायरसनं मेला. ओरेस्टला त्याचंही काही वाटलं नसतं. पण त्यात नादियाचा आवाज होता. लायब्ररीच्या वर्गात माइक वापरायला शिकून तिनं लारिसासाठी खसखशीच्या रोलची कृती बोलून ठेवली होती. लारिसाला पाठवायची राहिली ती राहिलीच. शेजारच्या शहरातल्या दुकानातल्या डॉनानं खटपट करून ती एका पेनड्राइव्हवर काढली, आणि नवा कॉम्प्युटर देताना दम भरला.

"आवाजाची ही एकच प्रत वाचलीय, आणि पेनड्राइव्हमध्ये कीड असू शकते. तेव्हा नीट ऐका. आधी ही अँटीव्हायरसची सीडी. ती बसेपर्यंत इंटरनेटची वायर लावायची नाही. उघडं मशीन जोडलंत तर तुम्ही कॉफी ओतेपर्यंत रोग घुसेल. सीडी बसली की वायर, मग नव्या व्हायरसांची ताजी माहिती उतरवून घ्या, आणि सगळ्यात शेवटी पेनड्राइव्ह. उघडायचा नाही, आधी तपासायचा. कळलं?"

कळलं तर. ओरेस्टनं जन्म धान्याच्या कोठारावर काढला होता. किडक्या धान्याचा एक ट्रक आत घेतला की काय होतं, हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

घरी येऊन त्यानं मशीन मांडलं. भिंतीतल्या एकाच खाचेवर फोनही होता आणि इंटरनेटही. धोका नको म्हणून त्यानं वायर खाचेतूनच उपटली. सीडी घातली. पडद्यावर निळी पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकू लागली. थोडा वेळ तो बघत बसला, मग बटाटे आणायला तळघरात उतरला आणि तिथेच एका खोक्यावर बसून राहिला. असं हल्ली व्हायचं. बसला की उठायचं कारण सापडत नसे.

इकडे स्टेफा फोन करून करून थकली. कडाक्याच्या थंडीत एकट्या म्हाताऱ्याचा फोन लागत नाही म्हटल्यावर आमच्याकडे शेजारी विचार करत बसत नाहीत, बूट चढवतात. ती भांडं घेऊन आत आली, खाली लोंबणारी वायर पाहिली, "अरे देवा" म्हणाली आणि भिंतीत खोचून मोकळी झाली. वर टेबलही आवरलं.

ओरेस्ट जिना चढून आला तेव्हा पडद्यावर एक चौकट उलटे आकडे मोजत होती. ते संपले, मशीन बंद पडलं, आपोआप सुरू झालं आणि पुन्हा मोजू लागलं. रोग घुसला होता.

"वायर कुणी लावली?"

"मी! फोन मेला होता तुझा. मला वाटलं, तूही..."

त्याची नजर टेबलावर फिरली. पेनड्राइव्ह नव्हता. "इथं एक छोटं काहीतरी होतं. बोटाएवढं. कुठं खोचलंस का?"

"ते? बाटलीचं बूच असेल म्हणून चमच्यांत टाकलं."

त्यानं खण उघडला. काट्यांच्या मधोमध पेनड्राइव्ह निवांत पडला होता. त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं.

आता लागलेल्या फोनवर डॉना म्हणाली, "सगळं पुसा आणि पहिल्यापासून करा. दुसरा इलाज नाही."

ओरेस्टनं वायर उपटून तिचं टोक स्टेफाच्या हातात दिलं. "हे सोडायचं नाही."

"नाक खाजलं तर?"

"दुसरा हात आहे ना?"

दुपारभर स्टेफा ते टोक बदकाची मान पकडावी तसं घट्ट धरून बसली. पुसणं झालं, पुन्हा मांडणं झालं, सीडी बसली. मग त्यानं मान हलवली आणि तिनं परीक्षेला बसल्यासारखी जीभ बाहेर काढून वायर लावली. ताजी माहिती उतरली. शेवटी पेनड्राइव्ह. तपासणीत दोन किडक्या फाइली सापडल्या. नादियाची त्यांत नव्हती. ओरेस्टनं त्या दोन्ही काढून टाकल्या आणि नादियाची फाइल चालू केली.

"लारिसा," नादिया म्हणाली, "खसखस आधी भिजव, नाहीतर दातात येते. तुझ्या बाबांसारखी घाई करू नकोस."

स्टेफानं एप्रन तोंडाला लावला. भांड्यांचा आवाज, कणीक आपटल्याचा आवाज. मग नादिया माइकपासून दूर जाऊन म्हणाली, "ओरेस्ट, चाखून बघ रे. गोड कमी नाही ना?"

चमचा भांड्यावर वाजला. मग ओरेस्टचाच आवाज. "बरं आहे."

"बरं आहे?" स्टेफा रडतारडता उसळली. "इतकी मर मर मरायची बाई, आणि तुला एवढंच सुचलं?"

"बरंच होतं ते," ओरेस्ट म्हणाला. त्याला ती चव आठवते का ते त्यानं शोधून पाहिलं. नाही आठवली.

त्यानं पुन्हा लावलं. खसखस, घाई, कणीक. "गोड कमी नाही ना?" नादियानं विचारलं. या वेळी ओरेस्टनं तोंड उघडलं, काहीतरी निराळं सांगावं म्हणून. शब्द जमेनात. तेवढ्यात मशीनच त्याच्या वतीनं "बरं आहे" म्हणून मोकळं झालं. तो तोंड तसंच उघडं ठेवून बसला, आणि स्टेफानं उठून, न विचारता, तिसऱ्यांदा लावलं.