नवरीच्या खोलीची लाल पट्टी

माझे सासरे भोकरदनचे गुत्तेदार. कोणतं बांधकाम कुठवर आलं, कशाला किती खर्च झाला, सगळं त्यांच्या डोक्यात. लग्न होऊन मी आले ती इंजिनीअरिंगचा डिप्लोमा आणि एक कॉम्प्युटर घेऊन. तो बघून ते म्हणाले, "आता हे डबडं मिस्त्र्याला हाका मारणार का?" मी हसले, पण राग आलाच. मला राग पटकन येतो.

माझ्याकडे आलेलं पहिलं काम एका मंगल कार्यालयाचं. सासऱ्यांच्या ओळखीचे एक शेतकरी ते रस्त्याकडेच्या स्वतःच्या रानात बांधत होते. त्यातलं पहिलं लग्न त्यांच्याच एकुलत्या एका लेकीचं. तारीख धरलेली. नवरदेवाकडचे म्हणत होते, जमत नसेल तर लग्न आमच्या गावी लावू. मालकांचं एकच म्हणणं, "पोरीची पाठवणी माझ्याच रानातून करीन. दुसरीकडून बिलकुल न्हाई."

मी प्रत्येक काम, त्याला लागणारे दिवस, माणसं, खर्च असं सगळं भरत गेले. कोणतं काम कशासाठी अडून आहे, तेही. मग एक बटण दाबलं आणि स्क्रीनवर पट्ट्याच पट्ट्या उभ्या राहिल्या. एक सरकवली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या आपोआप सरकल्या, शेजारचे खर्चाचे आकडेसुद्धा बदलले. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या माणसांचे पुढचे दिवस माझ्या बोटाखाली हलत होते. सासरेही हातातला चहा विसरून बघत राहिले.

पण शेवटची पट्टी लग्नाच्या तारखेपलीकडे गेली होती.

मालकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "हॉलचे पत्रे जल्दी चढवा. माणसं वाढवा, खर्चा होऊ द्या." मी पत्र्यांचे दिवस निम्मे केले. शेवटची तारीख जागची हलली नाही.

ज्या कामांमुळे सगळं लांबतं, ती कॉम्प्युटर लाल दाखवतो. हॉलवर लाल रंग नव्हताच. तो मागच्या एका लहानशा खोलीपासून सुरू होत होता. ती नवरीची खोली. तिच्याच स्लॅबवर पाण्याची टाकी बसायची होती. टाकी नाही तर स्वयंपाकघरात नळ नाही, नळ नाही तर फरशी नाही.

"ही खोली आधी घ्यायला हवी होती," मी म्हणाले.

सासरे मालकांकडे वळले. "मिस्त्री तिथं गेल्ता की. तुम्हीच त्याला उठवून कंपाउंडच्या भिंतीला लावलं."

मला वाटलं, मालक चिडतील. त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "त्या खोलीचं काम निघालं की मी दुसरंच काम काढायचो, सूनबाई. तिथं बसली की पोरगी चाललीच ना. मंग म्हणलं, ऱ्हाऊ द्या, शेवटाला करू."

मी स्क्रीनकडे बघितलं. कॉम्प्युटरला लेक नाही, तिचं लग्न नाही. मी भरलेले दिवस आणि आकडे, एवढंच काय ते त्याच्याजवळ. तरी त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. खरं सांगते, मला त्याची भीती वाटली, आणि हात जोडावेत असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः मिस्त्र्यांना घेऊन त्या खोलीपाशी उभे राहिले. स्लॅब पडल्यावर त्याच्यावर पाणी मारायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. मी झालेलं काम भरत गेले, तशी शेवटची पट्टी हळूहळू लग्नाच्या अलीकडे आली. सासरे रोज येऊन विचारायचे, "काय म्हणतंय डबडं?"

लग्नाच्या दिवशी त्या खोलीत मी नवरीच्या केसात गजरा माळत होते. मालक दाराशी आले, पण आत येईनात.

"दादा, या ना," ती वडिलांना म्हणाली. "खोली किती छान झाली."

त्यांनी वर छताकडे बघितलं, मग तिच्याकडे. "पाणी बराबर येऊन राह्यलं का?" एवढंच विचारलं.

तिनं उठून कोपऱ्यातला नळ सोडला. पाणी जोरात आलं. मालक तिच्याकडे बघत उभे राहिले. पाणी वाहत होतं, आणि नळ बंद कर असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.