सकूचा ड्रायर आणि बारा लुगडी

पोशेऱ्याच्या एका पाड्यावर सकूच्या घरात वॉशिंग मशीन आहे, पण त्यात कपडे धुतले जात नाहीत. मशीनला दोन टब आहेत. डावीकडच्या, धुण्याच्या टबात नागली, म्हणजे नाचणी, भरलेली असते, कारण त्याचं झाकण घट्ट बसतं आणि गुळगुळीत प्लास्टिकवर उंदराला चढता येत नाही. धुणं ओढ्यावरच्या दगडावर होतं. कामाचा आहे तो उजवीकडचा लहान टब, म्हणजे ड्रायर. ओले कपडे आत घालायचे, झाकण लावायचं, बटण फिरवायचं. टब गरगर फिरतो आणि कपड्यांतलं पाणी खालच्या नळीतून अंगणात पडतं. जिथे ऑगस्टात कपडे चुलीवरच्या दोरीला दोन-दोन दिवस धूर खात लटकतात, तिथे ही मोठी सोय आहे. पाड्यावर कुणाला मूल झालं की बाळाची दुपटी सकूकडे येतात.

सकू पस्तिशीची, माहेर दाभोश्याचं. भातकापणी उरकली की ती आणि तिचा नवरा कान्हा ठाण्याला कामाला जातात. तो बांधकामावर, ती एका सोसायटीत धुण्याभांड्याला. तिथल्या बाईंनी नवं मशीन घेतलं आणि जुनं भंगारात निघालं, तेव्हा सकूने ते मागून घेतलं.

"पाणी कठून आणशील त्याला?" कान्हाने विचारलं होतं.

"पाणी काढायला नेते. घालायला नाय," सकू म्हणाली.

मशीन मोखाड्यापर्यंत टेम्पोतून आलं आणि पुढे जिपेच्या टपावर बांधून. कान्हा टपावर त्याला मिठी मारून बसला होता. त्यावरून पाड्यावरचे लोक त्याला अजून चिडवतात.

यंदा नऊ ऑगस्टच्या आदल्या दिवशी हा ड्रायर बंद पडला.

नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनी, जव्हारला मिरवणूक निघते. गावोगावचे नाचाचे गट ढोल घेऊन येतात. पोशेऱ्याच्या बायका मागच्या वर्षी पहिल्यांदा गेल्या, जिच्या-तिच्या घरच्या लुगड्यांत. एक हिरवं, एक जांभळं, दोन फुलाफुलांची. रांगा लावणाऱ्या पोरांना हा एक गट आहे हे कळलंच नाही आणि त्यांनी त्यांना दुसऱ्या गावाच्या शेपटीला जोडून दिलं. बाकीच्या बायका हे विसरल्या, सकू विसरली नाही. यंदा तिने बाराही जणींना एकसारखी लुगडी घ्यायला लावली: लाल, हिरव्या काठांची, जव्हारच्या बाजारातून. आणि नवं लुगडं कडक असतं, नाचताना कासोटा सुटतो, म्हणून आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांनी तीच नेसून सराव करायचा, असा तिचा हट्ट.

सराव झाला. पाऊस भुरभुरत होता आणि मैदानात घोट्याएवढा चिखल. तासाभरात बाराही लुगडी ओच्यापासून काठापर्यंत मातीची झाली.

गटात सगळ्यात वयाने मोठी सकूची सासू गोदा. गाणं तीच सांगते, बाकीच्या मागून उचलतात. ती म्हणाली, "आता हे सुकंल कधी? ओलं नेसून मी जिपीत बसायची नाय. पाठीत कळ भरते माझ्या."

गोदा नाही तर गाणं नाही, आणि गाणं नाही तर नाच नाही. बायका सकूकडे बघायला लागल्या.

"उद्या सकाळी सुकी लुगडी देते सगळ्यांची," सकू म्हणाली. "नाय दिली तर मला रांगेत पुढं उभी करू नका. मागं राहीन."

रांगेत पुढे सकू असते. तिच्या पायावर बाकीच्या अकरा जणींचे पाय चालतात. ती जागा तिने मागून मिळवलेली नाही. बायकांनीच तिला तिथे उभी केली आहे. ती जागा आता तिने ड्रायरच्या भरवशावर टाकली.

दुपारी सकू आणि तिची धाकटी जाऊ कमू यांनी लुगडी ओढ्यावर नेऊन धुतली आणि पिळून घरी आणली. एका वेळी दोन, असा हिशेब होता. पहिल्या दोन खेपा छान निघाल्या. तिसऱ्या खेपेत कमूचं लुगडं होतं. टबाने वेग घेतला, आत काहीतरी खाडकन वाजलं, घासल्यासारखा आवाज आला आणि टब थांबला. मोटार मात्र गुणगुणत राहिली. सकूने बटण बंद केलं आणि पिन काढली. गरम वायरीचा वास यायला लागला होता.

कमूने आपलं लुगडं बाहेर ओढलं, पदराचं टोक दोनदा चाचपलं आणि ती चुलीमागे डोकावून आली.

"गेलं तुझं मशीन," कान्हा दारातून म्हणाला. "आता नागली दोन्हीकडं भरू."

"मोखाड्याहून मिस्त्री?" कमूने विचारलं.

"आज निरोप दिला तर परवा येल," कान्हा म्हणाला. "तोवर नाच आटपला."

सकूने फोन घेतला आणि घरामागची टेकडी चढली. पाड्यावर रेंज फक्त तिथेच येते. तिचा धाकटा भाऊ हरेश वसईत फ्रिज आणि मशीन घरपोच करणाऱ्या टेम्पोवर हमाली करतो. दुरुस्ती त्याने कधी केलेली नाही. दुरुस्ती करणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून जेवढं दिसलं, तेवढं त्याला ठाऊक.

"मोटार आवाज करते, पण फिरत नाय?" हरेशने विचारलं. "मग मोटार जिंदा हाय. तू टेन्शन नको घेऊ. मागचं झाकण खोल. पण पहिले पिन काढ."

"काढलीये."

"परत बघ काढलीये का. आणि आत वायरी लावलेला एक डबा असंल, त्याला हात नको लावू. पिन काढली तरी तो झटका देतो. आमच्याकडचा एक जण उडाला होता."

"बरं. अजून?"

"खाली मोटार, वर टब. मध्ये दांडा जोडलेला असंल, नटबोल्टनं. आणि वरच्या झाकणाला बांधलेली ब्रेकची तार. झाकण उघडलं की ती ब्रेक लावते. तीच अडकली असंल, बहुतेक."

सकू उतरली. मशीन भिंतीपासून पुढे ओढायला तिघं लागली, कारण डावीकडे अर्धा टब नागली होती. मागचे स्क्रू गंजलेले होते. कान्हाने घरातलं खुरासणीचं तेल आणून थेंब थेंब सोडलं आणि विळ्याच्या टोकाने एकेक सैल केला. झाकण निघालं. आत जाळी, धूळ, वाळलेली एक पाल आणि खाली, हरेश म्हणाला तशीच, मोटार. वायरींचा डबाही दिसला. सकूने कमूला त्याच्यापासून लांब बसवलं.

ब्रेकची तार तिने बोटाने ओढून पाहिली. तार हलत होती. ब्रेकचा पट्टा सुटत होता, बसत होता. हरेशचा अंदाज चुकला होता.

ती परत टेकडी चढली. या वेळी रेंजच गेली. तिने फोन हवेत धरून दोन-चार जागा बदलल्या आणि मग तशीच उतरली. वाटेत दोन बायका भेटल्या. एकीने विचारलं, "सकूबाय, मागं राहायची तयारी करतेस का?" सकू तिच्याकडे न बघता पुढे गेली.

मशीनपाशी बसून तिने मोटार आणि टब यांना जोडणारा दांडा हाताने फिरवून पाहिला. जागचा हलेना. मग तिने जोडणीचे दोन बोल्ट सोडवले. पाना सायकलचा होता, कान्हाच्या जुन्या सायकलचा, आणि तो बसला. बोल्ट सुटल्यावर तिने मोटारीची चकती बोटाने ढकलली. ती भिंगरीसारखी फिरली.

सकू ताठ बसली. "मोटार चांगली हाय," ती म्हणाली. "अडकलंय ते वर. टबाच्या खाली."

"कशावरून?" कान्हाने विचारलं.

"जात्यात खडा अडकला की काय होतं? खुंटा ओढून ओढून हात दुखतो, पण जातं फिरत नाय. मग काय करतो? वरचा दगड उचलतो. टबबी तसाच उचलू."

कान्हा आता दारातून आत आला होता. त्याने बाह्या वर केल्या. हे त्याला पटलं होतं आणि बघायची घाईही झाली होती.

ड्रायरचा आतला टब म्हणजे भोकांची उंच बादली. ती दुसऱ्या, बाहेरच्या टबात उभी असते आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट असते. सकूने आत दोन्ही हात घालून बादलीच्या कडा धरल्या आणि ओढली. काही झालं नाही. कान्हाने खालून दांड्यावर तेल सोडलं आणि लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके दिले. कमूने मशीनला पाठ टेकवली, पण त्याची गरज नव्हती; नागलीच्या वजनाने मशीन जागचं हलत नव्हतं.

"ओढ."

"ओढतेच हाय."

"वाकडी नको ओढू, सरळ."

"मग तू ये वर, मी खाली बसते."

बादली एकदम सुटली. सकू ती घेऊन मागे भिंतीवर आपटली, आणि तिघंही हसत सुटली. मग तिघांची डोकी बाहेरच्या टबावर वाकली. तळाशी गढूळ पाणी होतं. सकूने हात घातला आणि बाहेर काढला. तिच्या हातात खेकड्याची नांगी होती, अंगठ्याएवढी जाड. पुन्हा हात घातला तर पाठीची कवची निघाली, घासून अर्धी झालेली.

मग सकूने कमूकडे बघितलं.

"चिंबोरी माझी हाय," कमू म्हणाली. "ओढ्यावर दगडाखाली सापडली. हातात फडकं नव्हतं, मग धुतलेल्या लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधली. घरी आल्यावर काढणार होते."

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शेतातून येताना पदराच्या गाठीत खेकडे बांधून आणायचे, ही इथल्या बायकांची रोजची रीत आहे. ओल्या कपड्यात ते जिवंतही राहतात. कमूच्या हाताने गाठ आपोआप मारली आणि मग ती डोक्यातून गेली. ड्रायरच्या वेगाने ती गाठ सुटली, आणि खेकडा बादलीच्या काठावरून उडून फटीत पडला.

"मला तवाच कळायला पाहिजे होतं," सकू म्हणाली. "पदर चाचपत होतीस."

"वाटलं, उडून बाहेर पडली असंल. चुलीमागं बघूनबी आले."

"एकच होती ना?"

कमूने थोडा विचार केला. "एकच."

"नीट आठव."

"एकच, बाय. दुसरी निसटली."

कान्हा खाली बसून हसत होता. गोदा बाहेरून ओरडली की काय चाललंय, आणि तो म्हणाला, "आये, सुनेनं मशीनमध्ये कालवण टाकलंय."

सकूने टबाचा तळ हाताने चाचपून काढला, नळीचं तोंड मोकळं केलं, बादली पुन्हा बसवली, बोल्ट आवळले. पिन लावली, रिकामाच ड्रायर सुरू केला. मोटार भन्नाट फिरली. टब हलला नाही.

कान्हाचं हसू थांबलं. बाहेर आता चार-पाच बायका जमल्या होत्या आणि त्यांनीही ते बघितलं. एक जण हळूच म्हणाली, "आम्ही उद्या घरचीच नेसतो, सकूबाय. तू मनाला लावून घेऊ नको."

सकूने पिन काढली आणि पुन्हा मागे जाऊन बसली. बोल्ट तर घट्ट होते. मग टब का फिरत नाही? तिने बोल्ट काढले आणि दांड्यावरून अंगठा फिरवला. दांडा गोल होता, पण एका बाजूला थोडा चपटा केलेला होता. बोल्टाचं टोक त्या चपट्या जागी बसायला हवं होतं. तिने ते गोल बाजूवर आवळलं होतं, आणि ते घसरत होतं. तिने दांडा वळवला, चपटी बाजू बोल्टासमोर आणली आणि कान्हाला पाना दिला.

"तू आवळ. तुझ्यात जोर हाय."

"आत्ता आठवलं होय माझा जोर."

या वेळी तिने कमूचं लुगडं आत घातलं, गाठी नाहीत ना ते चारही कोपरे बघून. झाकण लावलं, बटण फिरवलं. टब एकदा हलला, दुसऱ्यांदा अडखळला आणि मग त्याने असा वेग घेतला की नागलीच्या टबावरचं झाकण खडखडायला लागलं. अंगणातल्या नळीतून पाण्याची धार सुटली. बाहेरच्या बायका बाजूला झाल्या आणि मग परत पुढे आल्या, धार बघायला. कुणीतरी ढोलावर थाप दिली. ढोल सरावानंतर ओसरीतच ठेवलेला होता.

अंधार पडायच्या आत बाराही लुगडी फिरून निघाली. ड्रायरमधून कपडा कोरडा ठणठणीत निघत नाही, दमट निघतो. राहिलेलं काम सकूने रात्रभर चुलीजवळच्या दोरीवर सोपवलं. सकाळी लुगडी सुकी होती. थोडा धुराचा वास होता. गोदाने आपलं लुगडं गालाला लावून बघितलं, नाकाला लावून बघितलं आणि नेसायला घेतलं.

जिपेत बारा लाल लुगडी आणि ढोल कसेबसे मावले. जव्हारला रांगा लावणाऱ्या पोराने लांबूनच हात केला. "पोशेरा ना? पुढं या. तुमची रांग वेगळी."

सकू पुढे उभी राहिली. गोदाने गाणं उचललं, ढोल लागला आणि बारा जणींचे पाय एका ठेक्यात पडले. बाजारातले लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढले.

चौकाच्या अलीकडे पाऊस आला, रिपरिप नाही, सरळ कोसळला. लोक वळचणीखाली पळाले. पुढच्या गटाने ढोलावर प्लास्टिक टाकलं. पोशेऱ्याच्या रांगेत मात्र कुणी थांबलं नाही. लुगडी मिनिटभरात भिजून पायांना चिकटली, पण कासोटे सुटले नाहीत. गोदाने आवाज चढवला. पावसात ऐकू जावं म्हणून बाकीच्यांनीही चढवला.

"बाय," कमू नाचता नाचता सकूच्या कानाशी ओरडली, "बाराच्या बारा भिजली."

"माहीत हाय," सकू म्हणाली. "तू पाय टाक."