विमानातला रोजा

झुवैनावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सालेमची बायको. पाळी गेल्यापासून तिने रमजानचा एकही रोजा सोडला नव्हता, तापातसुद्धा. यंदा तर तिची लेक कासाब्लांकाला बाळंत व्हायची होती. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून महिनाभरात एकही रोजा चुकवायचा नाही, असं वहिनीने मनाशी पक्कं धरलं होतं.

मस्कतहून आमचं कासाब्लांकाचं विमान भर दुपारी सुटलं. प्रवासात रोज्याची सूट असते, ती मी घेतली. वहिनीने नाही.

मस्कतची मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची वेळ झाली, तशी विमानात सगळीकडे रोजा सोडायला खजूर निघाले. वहिनीने खिडकीचं झाकण वर केलं. लख्ख ऊन आत आलं.

"अगं, घड्याळ बघ," मी म्हटलं. "तुझा सालेम एव्हाना जेवून ढेकर देत असेल."

"मग तू जा मस्कतला, त्याच्याबरोबर जेव. माझा सूर्य इथं आहे."

तिच्या शेजारी बूशता नावाचे म्हातारे मोरोक्कन गृहस्थ होते. खजूर त्यांच्या ओठांपर्यंत गेला होता. वहिनी त्यांना म्हणाली, "चाचा, ऊन आहे हो अजून!" त्यांनी ओशाळून तो खाली ठेवला.

विमान पश्चिमेला चाललेलं. आम्ही पुढे जावं तसा सूर्यही पुढे सरकत होता, बुडायचं नावच घेईना. मी हवाईसुंदरीला विचारलं, तर ती म्हणाली, "उतराल तेव्हाही उजेडच असेल." वहिनी कोरड्या ओठांनी नुसती दुआ पुटपुटत बसली होती. तिच्याकडे बघून मीही जेवणाचं ताट परत पाठवलं.

मग बूशताचाचांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला.

"चाचा, तुम्हाला साखरेचा आजार आहे का?" वहिनीने विचारलं.

"आहे, हाज्जा," ते तिला आदराने म्हणाले.

"अहो, मग खा ना! आजाऱ्याला सूट आहे, प्रवाशाला सूट आहे."

"तुम्ही बाईमाणूस धरून बसलात, आणि मी सोडू? घरी काय तोंड दाखवू?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग बिस्मिल्ला म्हणाली आणि त्या लख्ख उन्हात एक खजूर सरळ तोंडात टाकला.

"झालं? मी सोडला. आता तुमची पाळी. माझा रोजा मी नंतर भरून काढीन, तुमचा जीव कुठून भरून आणू?"

चाचांनी खजूर खाल्ला, रस घेतला. थोड्या वेळाने त्यांचे हात थांबले. वहिनी मान वळवून डोळे पुसत होती. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "रडत नाहीये गं. खजुराची बी दातात अडकली."

ईदच्या आदल्या आठवड्यात लेक सुखरूप बाळंत झाली. ईद उलटल्यावर एका सोमवारी वहिनी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. लेकीने चहा पुढे केला, तिने नको म्हणून मान हलवली.

"आज कसला रोजा, आई?"

"विमानातला," वहिनी म्हणाली.